परक्या माणसाचं सुतक: जॅक चार्ल्टन गेले तेव्हाचा आयर्लंड

21 जुलै 2020, मंगळवार, दुपारचे साडेबारा. आयर्लंडमधल्या रेडिओ केंद्रांनी ठरवून एकाच वेळी एकच गाणं लावलं. 1990 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी निघालेलं आयरिश संघाचं ते गाणं. त्यात मधूनच प्रशिक्षकाचा खर्जातला आवाज येतो. त्याच माणसाची अंत्ययात्रा त्या दिवशी समुद्रापलीकडे, इंग्लंडच्या उत्तर टोकाला अ‍ॅशिंग्टन नावाच्या जुन्या खाणगावातून निघाली होती. इकडे डब्लिनच्या वॉकिन्सटाउन भागातल्या सर्कलवर लोक जुन्या हिरव्या जर्सी घालून, मफलर आणि झेंडे घेऊन जमले. तिथे पुतळा नाही, स्मारक नाही. आहे ते फक्त वाहतुकीचं बेट.

गेलेला माणूस इंग्रज होता. जॅक चार्ल्टन, वय 85. खाणकामगाराचा मुलगा, 1966 मध्ये विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघातला बचावपटू. इंग्रजांशी आयर्लंडचं काय आणि किती शतकांचं आहे हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको. तरीही त्या देशातली चाळिशीच्या आसपासची माणसं घरचं कुणी गेल्यासारखी हळहळली. हे कसं झालं, आणि त्या हळहळीत नेमकं कोण गेलं होतं, एवढाच या प्रकरणाचा विषय.

नेमणूक

फेब्रुवारी 1986 मध्ये आयर्लंडच्या फुटबॉल संघटनेने चार्ल्टन यांना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक नेमलं तेव्हा कुणी पेढे वाटले नाहीत. मतदान झालं होतं. पहिल्या फेरीत लिव्हरपूलचे बॉब पेझली पुढे होते, शेवटच्या फेरीत चार्ल्टन 10 विरुद्ध 8 मतांनी निवडून आले. संघाला मिळालेला हा पहिला परदेशी प्रशिक्षक, आणि तोही इंग्रज. ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचारात माणसं मरत होती. 1981 च्या तुरुंगातल्या उपोषणांत दहा जण गेले होते, त्याला पाचच वर्षं झाली होती.

फुटबॉलही तेव्हा आयर्लंडमध्ये पुरता घरचा नव्हता. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ चालवणाऱ्या जीएए या संघटनेने आपल्या सभासदांना सॉकर खेळायला, इतकंच काय बघायलाही, 1971 पर्यंत बंदी घातली होती. सॉकर म्हणजे ब्रिटिश पलटणींचा, छावणीच्या गावांचा खेळ, ही समजूत खेड्यापाड्यांत मुरलेली होती. डब्लिनच्या गल्ल्यांत तो खेळला जाई, पण कॅथलिक शाळेतल्या ब्रदरपुढे त्याचं नाव जपूनच घ्यावं लागे. राष्ट्रीय संघ तोवर कुठल्याही मोठ्या स्पर्धेसाठी एकदाही पात्र ठरलेला नव्हता.

देशाची अवस्था अशी की बेरोजगारी 17 टक्क्यांच्या आसपास, आणि 35 लाखांच्या लोकसंख्येतून 1989 पर्यंतच्या एका वर्षात सुमारे 44 हजार माणसं निव्वळ बाहेर गेली. लंडन, बोस्टन, न्यूयॉर्क. घरातल्या थोरल्याने बॅग भरून निघून जायचं आणि धाकट्यांनी त्याच्या खोलीत झोपायचं, हे त्या काळच्या बालपणातलं ठरलेलं दृश्य.

चार्ल्टन यांनी काय केलं? फिफाच्या नियमाप्रमाणे ज्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा आयरिश, तो आयर्लंडकडून खेळू शकत होता. नियम जुनाच, पण त्यांनी तो पुरेपूर वापरला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला जॉन आल्ड्रिज, ग्लासगोत जन्मलेला रे हौटन, ज्याचे वडील डोनेगालचे. इंग्रजी वृत्तपत्रांनी चेष्टा केली की यांना आयर्लंड नकाशात दाखवता येईल का. मला ही चेष्टा कायम उथळ वाटत आली आहे. ज्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या आपली पोरं बोटीत बसवून पाठवली, त्याच्या संघात त्या पोरांची पोरं नसतील तर कोण असणार? मँचेस्टरच्या किंवा ग्लासगोच्या लहेजात बोलणारे हे खेळाडू म्हणजे टीव्हीवर परत आलेले चुलतभाऊच होते.

दोन वर्षांचे जून, एक सर्कल

1988 च्या युरो स्पर्धेसाठी आयर्लंड पात्र ठरला तो दुसऱ्याच्या पायाने. 11 नोव्हेंबर 1987 ला सोफियात स्कॉटलंडच्या गॅरी मॅकेने 87 व्या मिनिटाला गोल केला, बल्गेरिया हरला आणि आयर्लंडचं घोडं गंगेत न्हालं. मग 12 जून 1988, स्टुटगार्ट. समोर खुद्द इंग्लंड. सहाव्या मिनिटाला हौटनचं हेडर, आणि उरलेली चौऱ्याऐंशी मिनिटं गोलरक्षक पॅकी बॉनरने किल्ला लढवला. 1-0. मोठ्या स्पर्धेतला पहिलाच सामना, आणि तो इंग्लंडविरुद्ध, इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली जिंकलेला.

1990 चं इटली मात्र वेगळंच प्रकरण आहे, आणि इथे आकडे नीट पाहायला हवेत. आयर्लंड त्या विश्वचषकात पाच सामने खेळला. एकही सामना त्यांनी प्रत्यक्ष खेळात जिंकला नाही. पाच सामन्यांत मिळून गोल दोन: कॅलियारीत इंग्लंडविरुद्ध केव्हिन शीडीचा आणि पालेर्मोत हॉलंडविरुद्ध नायल क्विनचा. इजिप्तशी गोलशून्य बरोबरी तर इतकी कंटाळवाणी झाली की आरटीई या सरकारी वाहिनीच्या स्टुडिओत समीक्षक इमन डन्फीने वैतागून हातातलं पेन फेकलं. या एवढ्याशा शिदोरीवर संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला.

25 जून, जेनोआ. रुमानियाशी एकशेवीस मिनिटं 0-0. मग पेनल्टी. त्याच दिवशी डब्लिन कॅसलमध्ये युरोपीय समुदायाच्या राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद भरली होती, यजमान होते पंतप्रधान चार्ल्स हॉही, आणि तिथेही टीव्हीभोवती गर्दी झाली होती. रुमानियाकडून हाजी, लुपू, रोतारियू, लुपेस्कू यांनी चार मारल्या. आयर्लंडकडून शीडी, हौटन, टाउनसेंड, कॅस्करिनो यांनी चार. पाचवी डॅनियल टिमोफ्तेची. बॉनर आपल्या उजवीकडे झेपावला आणि त्याने ती अडवली. आता आयर्लंडची पाचवी.

चेंडूकडे चालत आला डेव्हिड ओ'लिअरी. आर्सेनलचा नावाजलेला बचावपटू, पण चार्ल्टन यांनी त्याला 1986 नंतर दोन वर्षांहून जास्त काळ संघाबाहेर ठेवलं होतं. 1988 ची युरो स्पर्धा त्याने घरी बसून पाहिली. त्या दिवशीही तो बदली म्हणून जादा वेळेत आला होता. आरटीईचे समालोचक जॉर्ज हॅमिल्टन म्हणाले, राष्ट्राने श्वास रोखून धरला आहे. ओ'लिअरीने शांतपणे चेंडू जाळीत मारला आणि तो हात पसरून तसाच उभा राहिला. पुढच्या क्षणी त्याच्या अंगावर हिरवा ढीग पडला.

त्या संध्याकाळी वॉकिन्सटाउनच्या सर्कलभोवती लोक नाचले. गाड्या हॉर्न वाजवत गोल गोल फिरत राहिल्या. मोटारींच्या टपावर पोरं. असं कुणी ठरवलं नव्हतं. आजूबाजूच्या पबमधून माणसं बाहेर पडली आणि सगळे रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे साठली, इतकंच. तीस वर्षांनी त्याच बेटाकडे लोकांचे पाय वळले, त्याचं मूळ हे.

पाच दिवसांनी रोममध्ये यजमान इटलीशी सामना. 38 व्या मिनिटाला साल्वातोरे ऊर्फ टोटो स्किलाचीचा गोल, 1-0, खेळ खलास. 1 जुलैला संघ डब्लिनला परतला तेव्हा रस्त्यावर पाच लाख माणसं असल्याचा अंदाज सांगितला जातो. त्याच दिवशी नेल्सन मंडेला डब्लिन शहराचा मानाचा नागरिक होण्यासाठी आले होते. जमलेल्या गर्दीने त्यांचं स्वागत 'पॉल मॅकग्राचा बाप' अशा घोषणेने केलं, ही गोष्ट आजही डब्लिनमध्ये हसत सांगतात. मॅकग्रा हा त्या संघातला कृष्णवर्णीय बचावपटू, आई आयरिश, वडील नायजेरियन, आणि बालपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत गेलेलं. गर्दीच्या त्या विनोदात थोडी रग होती आणि बरीच माया होती. दोन्ही गोष्टी त्या काळाच्याच.

बातमी आली तेव्हा

चार्ल्टन 10 जुलै 2020 ला नॉर्थम्बरलंडमधल्या आपल्या घरी गेले. शेवटच्या वर्षात लिम्फोमा होता, आणि त्याआधीपासून स्मृतिभ्रंश. शनिवारी सकाळी बातमी आली आणि आयर्लंडच्या रेडिओवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी पंतप्रधान झालेले मिहॉल मार्टिन यांनी श्रद्धांजली वाहिली. ऑनलाइन शोकपुस्तकं उघडली गेली.

ऑनलाइन, कारण करोनाचा पहिला उन्हाळा होता. जेवण देणारे पब 29 जूनला उघडले होते, पण नुसती दारू विकणारे, म्हणजे गल्लीच्या तोंडावरचे जुने साधे पब, डब्लिनबाहेर सप्टेंबरच्या 21 तारखेपर्यंत आणि डब्लिनमध्ये त्याहूनही पुढे बंदच राहिले. हा तपशील किरकोळ नाही. आयरिश मरणाचे विधी म्हणजे माणसं जमणं: घरात शव ठेवून रात्र जागवणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी रांगेने येऊन हात हातात घेणं, चहा-सँडविच, मग पबमध्ये गेलेल्या माणसाच्या गोष्टी. एखादा कलाकार किंवा खेळाडू गेला तर पब हेच त्याचं शोकसभागृह. 1990 मध्ये सामने बघितले तेही तिथेच. या वेळी ती जागाच कुलपात होती.

शव समुद्रापलीकडे, प्रवासावर बंधनं, अंत्यसंस्काराला मोजकी वीसेक माणसं. घरची पहिली लढत 6 सप्टेंबरला फिनलंडशी झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये. पन्नास हजार माणसांनी मिनिटभर टाळ्या वाजवाव्यात, तर एकही प्रेक्षक नाही. (आयर्लंड 0-1 हरला. चार्ल्टन असते तर टोपी मागे सरकवून काय बोलले असते, ते इथे न लिहिलेलं बरं.)

मग शोक कुठे गेला? जिथे जाता आलं तिथे. गाण्यात, रेडिओवर, वाहतुकीच्या बेटावर. हे पाहिल्यावर मला या प्रकरणातली मुख्य गोष्ट दिसते. लोक चार्ल्टन यांच्याशी नातं असलेल्या जागी गेले नाहीत, स्वतःच्या जागी गेले. वॉकिन्सटाउनच्या सर्कलचा आणि चार्ल्टन यांचा तसा काही संबंध नाही. 25 जूनच्या त्या रात्री ते जेनोआत होते. सर्कलवर होती ती दहा-बारा वर्षांची मुलं, बापाच्या खांद्यावर बसलेली, आयुष्यात प्रथमच सगळे मोठे एकदम आनंदात असलेले बघणारी.

आठ ते चौदा वयाची ती मुलं 2020 मध्ये अडतीस ते चव्वेचाळीस वर्षांची होती. म्हणजे नेमकी अशा वयाची, की वृत्तसंस्थेत संपादक तीच, रेडिओवर निर्माती तीच, नगरसेवक तीच. राष्ट्रीय शोक किती मोठा होणार हे पुष्कळदा गेलेल्या माणसाच्या मोठेपणाइतकंच यावरही ठरतं, की त्याला लहानपणी पाहिलेली पिढी आज माइकजवळ बसली आहे की नाही. त्या जुलैत आयर्लंडचे उपपंतप्रधान होते लिओ वराडकर, मालवण तालुक्यातल्या वराड गावचं आडनाव लावणारे, जन्म डब्लिन, 1979. इटलीच्या वेळी अकरा वर्षांचे. ते सामने बघताना काय करत होते ते मला माहीत असायचं कारण नाही, पण मुंबईहून आलेल्या डॉक्टरचा मुलगा आणि ग्लासगोहून आलेला रे हौटन एकाच हिरव्या रंगात बसू शकतात, असा देश व्हायला ज्या काही गोष्टी घडाव्या लागल्या, त्यांत तो संघ मोडतो असं मी मानतो.

त्यांचं स्वतःचं काय

हळहळ खरी होती, आणि माणूसही त्या हळहळीला पात्र होता. चार्ल्टन यांनी मेयो परगण्यातल्या बॅलिनात घर घेतलं होतं. मॉय नदी तिथून वाहते, सामन माशांसाठी नावाजलेली. ते गळ टाकून तासन्‌तास बसत. कॉर्कच्या विमानतळावर त्यांचा पुतळा आहे, तो मैदानाच्या कडेला ओरडणाऱ्या प्रशिक्षकाचा नाही. टोपी घालून, हातात मासा धरून बसलेल्या माणसाचा आहे. ब्राँझचा तो मासा सामन आहे. येणारे-जाणारे शेजारी बसून फोटो काढतात. पबमध्ये ते चेकने पैसे देत आणि मालक तो चेक वटवण्याऐवजी चौकटीत लावून भिंतीवर टांगत, असं सगळीकडे सांगतात. किती चेक खरे आणि किती गोष्टीतले, याचा हिशेब कुणी मागू नये. 1994 मध्ये डब्लिनने त्यांना शहराचं मानाचं नागरिकत्व दिलं, 1996 मध्ये देशाने.

इंग्लंडमध्ये मात्र ते कायम धाकट्या भावाचे थोरले भाऊ राहिले. बॉबी चार्ल्टनची प्रतिभा वेगळीच होती आणि जॅकनी ते कधी नाकारलं नाही. लीड्सकडून 773 सामने खेळलेला, 1967 चा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरलेला हा माणूस. 1977 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी अर्ज केला, तर त्याचं साधं उत्तरही आलं नाही. ही सल त्यांनी लपवली नाही. ज्याला त्याच्या घराने उत्तर दिलं नाही, त्याला शेजारच्या घराने ओसरीवर नेऊन बसवलं. आयरिश लोकांना अशी माणसं लगेच कळतात.

शेवटची वर्षं विस्मृतीची होती. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये ग्लासगो विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट निघालं. 1966 च्या त्या इंग्लिश संघातले रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स, पुढे बॉबीसुद्धा, सगळ्यांना हाच आजार. जॅक हेडरचेच खेळाडू होते. सहा फूट उंच, आणि काम काय, तर येणारा जड चेंडू डोक्याने परतवणं. कुणाच्या बाबतीत नेमकं कशाने झालं हे एका अभ्यासाने सिद्ध होत नाही, पण प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही. आणि परिणाम असा झाला की अख्खा देश ज्या जूनची आठवण काढत होता, तो जून ज्याने घडवला त्याच्याजवळच तो पुरता उरला नव्हता.

जे श्रद्धांजलीत आलं नाही

शोकाच्या दिवसांत लोक चांगलंच बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण प्रकरण लिहायचं तर बाकीचंही लिहायला हवं.

चार्ल्टन यांचा फुटबॉल देखणा नव्हता. चेंडू उंच मारायचा, प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या पाठीमागे टाकायचा, मग धावत जाऊन त्याला चुका करायला लावायच्या. लिअम ब्रेडी हा त्या पिढीतला आयर्लंडचा सर्वात कलावंत खेळाडू. सप्टेंबर 1989 मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या मित्रत्वाच्या सामन्यात त्याला त्यांनी मध्यंतरापूर्वीच, घरच्या प्रेक्षकांसमोर, बाहेर काढलं. ब्रेडी इटलीला गेला नाही. डन्फीचं पेन याच रागातून उडालं होतं. देशाने मात्र राग पेनवाल्यावर काढला. पाच सामन्यांत दोन गोल करणाऱ्या संघावर टीका करणं तेव्हा गद्दारी ठरली आणि डन्फीला काही काळ रस्त्यात लोकांची बोलणी खावी लागली. आज बरेच जण मान्य करतात की तो अगदीच चूक नव्हता. मरणाच्या आठवड्यात हे कुणी काढलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. 18 जून 1994, अमेरिकेतला विश्वचषक, न्यूयॉर्कजवळचं जायंट्स स्टेडियम. पुन्हा इटली, पुन्हा हौटन, 11 व्या मिनिटाला गोल, 1-0. रोमचा हिशेब चुकता. आयरिश आठवणींच्या पेटीतला हा सर्वात लखलखीत सामना. त्याच रात्री उत्तर आयर्लंडमध्ये, डाउन परगण्यातल्या लॉकिनआयलंड गावी, हाइट्स बार नावाच्या छोट्या पबमध्ये लोक तो सामना बघत बसले होते. यूव्हीएफ या ब्रिटननिष्ठ सशस्त्र संघटनेचे बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी पाठमोऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. सहा जण ठार. त्यांच्यात 87 वर्षांचे एक वृद्ध होते. कुणालाही आजवर शिक्षा झालेली नाही. 2016 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस लोकपालांनी पोलीस आणि मारेकऱ्यांत संगनमत होतं असं अहवालात नोंदवलं.

एकच गोल, एकच संध्याकाळ. डब्लिनच्या मुलाला ती आयुष्यभराची दिवाळी, आणि त्या गावातल्या मुलाला घरातला माणूस गेल्याची तारीख. 2012 मध्ये युरो स्पर्धेत, पोझनानमध्ये, नेमकं 18 जूनलाच आयर्लंडला पुन्हा इटलीशी खेळायचं होतं. संघ दंडावर काळ्या पट्ट्या बांधून उतरला. अठरा वर्षं लागली, पण फुटबॉलने ही आठवण आपली म्हणून घेतली. 'आमचं बालपण' असं जेव्हा अख्ख्या पिढीच्या वतीने म्हटलं जातं तेव्हा कोणाकोणाचं, हे विचारायला लॉकिनआयलंड पुरेसं आहे.

इतर मरणांच्या शेजारी

आयर्लंडने बालपणीच्या ताऱ्यांना निरोप द्यायचे प्रसंग पुष्कळ आले. विनोदी नट डरमॉट मॉर्गन 28 फेब्रुवारी 1998 ला गेला. तो धांदरट पाद्र्याच्या भूमिकेत घराघरांत पोचलेला होता आणि त्या मालिकेचा शेवटचा भाग चित्रित होऊन चोवीस तास झाले होते, वय 45. तिथे धक्का होता. रग्बीपटू अँथनी फोली 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मन्स्टर संघाबरोबर पॅरिसच्या हॉटेलात झोपेत गेला, वय 42. सहा दिवसांनी त्याच्या लिमरिकच्या मैदानावर मन्स्टर खेळला तेव्हा आठ नंबरची जर्सी त्याच्या मानार्थ बाजूला ठेवली होती. ते दुःख एका प्रांताचं, सख्ख्यांचं.

गायिका शिनेड ओ'कॉनरचं प्रकरण सगळ्यात वेगळं. 1992 मध्ये अमेरिकन टीव्हीवर तिने पोपचा फोटो फाडला आणि चर्चमधल्या बालशोषणाबद्दल बोलली, तेव्हा घरच्या देशातही तिला वेडी ठरवणारे कमी नव्हते. पुढच्या चौकशांनी ती खरी ठरली. 2023 च्या जुलैत ती गेली आणि 8 ऑगस्टला ब्रे गावच्या समुद्रकिनाऱ्यावरून शववाहिका जाताना माणसं दुतर्फा उभी होती. तिथे शोकात खंत मिसळलेली होती, आपण हिला ऐकलं नाही ही.

चार्ल्टन यांच्या वेळी खंत नव्हती आणि धक्काही नव्हता. ते म्हातारे होते, भरपूर जगले होते, देशाने त्यांना जिवंतपणीच सगळं दिलं होतं. शिवाय ते कुठल्याच परगण्याचे नव्हते, कुठल्याच आयरिश पक्षाचे, शाळेचे, पंथाचे नव्हते. कॉर्कवाल्याला डब्लिनवाल्याशी त्यांच्यावरून भांडायचं कारण नव्हतं. परका असणं इथे त्यांच्या पथ्यावर पडलं. घरच्या माणसाच्या शोकात भाऊबंदकी येतेच, पाहुण्याच्या शोकात सगळे यजमान. म्हणून तो शोक इतका स्वच्छ, जवळजवळ आनंदी होता. लोक सर्कलवर रडायला कमी आणि गायला जास्त आले होते.

याच्या उलट उदाहरण त्याच संघातलं आहे. अ‍ॅलन मॅक्लॉफ्लिन. 17 नोव्हेंबर 1993 ला बेलफास्टमध्ये, शँकिलचा बाँबस्फोट आणि ग्रेस्टीलचं हत्याकांड ताजं असताना, बंदोबस्ताच्या गराड्यात उत्तर आयर्लंडशी सामना झाला. बदली म्हणून आलेल्या मॅक्लॉफ्लिनने बरोबरीचा गोल केला आणि आयर्लंड अमेरिकेला गेला. तो गोल नसता तर हौटनचा गोल नसता, न्यूयॉर्कची ती दुपारच नसती. 4 मे 2021 ला कर्करोगाने तो गेला, वय 54. बातम्या आल्या, जुन्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, सोबतचे खेळाडू बोलले. पण देश थांबला नाही. बेलफास्टची ती रात्र रस्त्यावर नाचायची नव्हती. तो सामना जीव मुठीत धरून बघायचा होता. त्या आठवणीला जायला कुठलं सर्कल नाही.

आणि मग 18 सप्टेंबर 2024. पालेर्मोत स्किलाची गेला, 59 व्या वर्षी. रोममध्ये आयर्लंडचा खेळ संपवणारा हाच तो डोळे विस्फारलेला सिसिलियन. आयरिश वृत्तपत्रांनी त्याच्यावर भरभरून लिहिलं. ज्यांनी लहानपणी त्याच्या गोलमुळे उशीत तोंड खुपसलं होतं, त्यांनीच आता त्याचे जुने फोटो एकमेकांना पाठवले आणि खाली लिहिलं, निवांत झोप, टोटो.